वाय-फायवरून टॉवरवर जाताना जोडणी का तुटते?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नेट मध्येच तुटते, चालू व्हिडिओ कॉल गोठतो, पैसे पाठवताना पडद्यावर चक्र फिरत राहते आणि रक्कम गेली की नाही ते कळत नाही, अशा तक्रारी वाचकपत्रांतून वारंवार येतात. त्यांचा रोख बहुतेक वेळा सेवा देणाऱ्या कंपनीकडे आणि टॉवरच्या कमी संख्येकडे असतो. टॉवर अपुरे असतात हे अनेक ठिकाणी खरेच आहे. परंतु मोबाईल जाळ्यांच्या देखभालीत आयुष्याचा मोठा काळ घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, यांतल्या पुष्कळ तक्रारींचे मूळ रेंज नसण्यात नसून फोन एका प्रकारच्या जाळ्यावरून दुसऱ्या प्रकारच्या जाळ्यावर जातो त्या थोड्याशा वेळात आहे. विशेषतः वाय-फायवरून मोबाईल जाळ्यावर जाण्याची जी पायरी आहे, तिची जबाबदारी आज कोणीच घेत नाही. त्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

आधी हे लक्षात घ्यावे की एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर जाण्याचा प्रश्न तंत्रज्ञांनी फार पूर्वी हाती घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो सुधारत नेला. अ‍ॅनालॉग पद्धतीच्या पहिल्या पिढीत फोनला या निर्णयात काहीच स्थान नव्हते. फोनचा आवाज कुठे क्षीण होतो आहे आणि कुठे चांगला ऐकू येतो आहे, हे टॉवरच मोजत आणि कॉल कुणाकडे सोपवायचा ते जाळेच ठरवी. जीएसएम ही दुसऱ्या पिढीची डिजिटल पद्धत आली तेव्हा, म्हणजे १९९१ च्या सुमारास, मोजण्याचे काम फोनकडे आले. जीएसएमचा फोन स्वतःचे संकेत पाठवण्याच्या व घेण्याच्या वेळांच्या मधल्या रिकाम्या जागेत शेजारच्या टॉवरचे संकेत मोजतो आणि दर ४८० मिलिसेकंदांनी सर्वांत प्रबळ अशा सहा शेजाऱ्यांपर्यंतचा अहवाल पाठवतो. निर्णय मात्र जाळ्याकडेच राहिला. मोजायचे फोनने आणि ठरवायचे जाळ्याने, ही कामाची वाटणी ४जी आणि ५जीमध्येही मूलतः तशीच आहे, आणि ती शहाणपणाची आहे, कारण पलीकडच्या टॉवरवर जागा आहे की नाही हे फोनला कळण्याचा मार्ग नसतो.

चाचणीच्या फोनवर हे प्रत्यक्ष पाहता येते. पडद्यावर सध्याच्या ४जी टॉवरचा आकडा उणे १०१ डीबीएम आणि शेजाऱ्याचा उणे १०४ दिसत असतो. (डीबीएम हे संकेताची शक्ती मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका संकेत प्रबळ.) आपण चालत राहतो तसा पहिला आकडा उणे १०३, उणे १०५ असा घसरतो आणि दुसरा उणे १०२ वर येतो. शेजारी आता तीन डीबीने, म्हणजे जवळपास दुप्पट शक्तीने, सरस झाला. तरीही लगेच काही होत नाही. जाळ्याने फोनला आधीच सांगून ठेवलेले असते की ही आघाडी समजा ३२० मिलिसेकंद सलग टिकली तरच कळव. ती टिकली की फोन अहवाल धाडतो. जुना टॉवर नव्याकडे जागा मागतो, नवा ती राखून ठेवतो, आणि मगच फोनला निघण्याचा आदेश मिळतो. फोन जुन्याला सोडून नव्याशी जुळवून घेत असताना जुन्या टॉवरकडे उरलेला, अजून पोचता न झालेला मजकूर नव्या टॉवरकडे परस्पर वळवला जातो. या सगळ्यात खंड पडतो तो सेकंदाच्या जेमतेम काही शतांश भागांचा. बोलणाऱ्याला तो जाणवतही नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, फोनचा इंटरनेटवरचा पत्ता, ज्याला आपण आयपी पत्ता म्हणतो, तो बदलत नाही. तो टॉवरने दिलेला नसून जाळ्याच्या गाभ्यातल्या यंत्रणेने दिलेला असतो, आणि टॉवर कितीही बदलले तरी ती यंत्रणा तीच राहते.

तीन डीबीची आघाडी आणि थोडा धीर, या दोन अटी लहान दिसल्या तरी साऱ्या कारभाराचा तोल त्यांवर असतो. अटी सैल ठेवल्या तर दोन टॉवरच्या सीमेवर उभा असलेला फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारतो, बॅटरी खातो आणि जाळ्यावर निष्कारण भार टाकतो. अटी कडक ठेवल्या तर वेगाने जाणाऱ्या गाडीतला फोन जुन्या टॉवरला चिकटून राहतो, आणि निघण्याचा आदेश देणारा संदेशच त्याच्यापर्यंत पोचत नाही. रस्त्याच्या कडेचे आणि वस्तीतले आकडे वेगळे ठेवावे लागतात, आणि ते ठरवण्यात अभियंत्यांचे आयुष्य जाते. हे काम बाहेरून दिसत नाही, पण चालत्या गाडीत बोलणे तुटत नाही ते या कामामुळे.

एका पिढीवरून दुसऱ्या पिढीवर जाणे यापेक्षा अवघड असते. ४जीवर बोलणाऱ्या फोनला वेगळ्या फ्रिक्वेन्सीवरचे किंवा जुन्या पिढीचे संकेत मोजायचे असतील तर त्याला चालू काम क्षणभर थांबवावे लागते. त्यासाठी जाळे त्याला दर ४० किंवा ८० मिलिसेकंदांतून ६ मिलिसेकंदांची सुट्टी देते. शिवाय ४जी हे मुळात केवळ डेटाचे जाळे. त्यात जुन्या पद्धतीची आवाजाची वाहिनी नाहीच. ज्या फोनमध्ये किंवा जाळ्यात व्होल्टीची, म्हणजे ४जीच्या डेटावरूनच आवाज नेण्याची, सोय नसते, तिथे कॉल येताच फोनला ४जी सोडून ३जी किंवा २जीवर उतरावे लागते, बोलणे संपल्यावर पुन्हा वर चढावे लागते. बोलणे चालू असताना नेट मंद का होते आणि फोन ठेवल्यावरही ते काही वेळ तसेच का राहते, याचे उत्तर पुष्कळदा इथे असते. ५जीबाबतही एक गैरसमज दूर व्हायला हवा. अनेक ठिकाणी ५जी हे ४जीच्या आधाराने चालते. नियंत्रणाचे संदेश ४जीवरून जातात आणि ५जीची वाहिनी गरज पडेल तेव्हा जोडली जाते. तेव्हा पडद्यावर ५जी हे चिन्ह दिसते आहे याचा अर्थ त्या क्षणी डेटा ५जीवरूनच येतो आहे असा नसतो; या परिसरात तशी सोय आहे, इतकेच ते चिन्ह अनेकदा सांगते.

हे सर्व विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, वाय-फायच्या बाबतीत यातले जवळजवळ काहीच नाही. वाय-फायचा राउटर आणि मोबाईलचा टॉवर यांची एकमेकांशी ओळख नसते. राउटर टॉवरकडे जागा मागत नाही, उरलेला मजकूर पुढे पाठवत नाही, फोनला निघण्याचा आदेशही देत नाही. वाय-फाय सोडायचे की नाही, कधी सोडायचे, हे फोन एकटा ठरवतो. आणि तो ते कशावरून ठरवतो हे पाहिले की आपल्या अनुभवाचा उलगडा होतो.

त्याचा पहिला आधार असतो संकेताची शक्ती. ती पुरेशी आहे तोवर फोन वाय-फायला धरून राहतो. परंतु राउटर बहुधा फोनपेक्षा मोठ्या आवाजात बोलतो. फोनला राउटर ऐकू येतो, मात्र राउटरला फोनचे क्षीण उत्तर ऐकू येत नाही, अशी स्थिती दाराबाहेर पडताना किंवा जिना उतरताना हमखास येते. पडद्यावर वाय-फायची एखादी कमान शिल्लक असते आणि प्रत्यक्षात एकही संदेश पलीकडे पोचत नसतो. एकाच संस्थेच्या इमारतीत अनेक राउटर असतात तेव्हाही हाच घोटाळा होतो. अ‍ॅपलने आपल्या तांत्रिक माहितीत म्हटले आहे की, सध्याच्या राउटरचा संकेत उणे ७० डीबीएमपर्यंत उतरला की आयफोन त्याच जाळ्याचा दुसरा राउटर शोधू लागतो. इतर फोनांच्या मर्यादा वेगळ्या असतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या कुठे प्रसिद्ध केलेल्या आढळत नाहीत. शेजारी कोण आहेत हे फोनला सांगणारे ८०२.११के आणि नव्या राउटरशी झटपट ओळख पटवून देणारे ८०२.११आर हे दोन्ही मानदंड २००८ मध्ये आले, आणि 'तू तिकडे जा' असे फोनला सुचवू देणारे ८०२.११व्ही २०११ मध्ये. ते वापरायचे तर राउटर आणि फोन दोघांनाही यायला हवेत आणि कोणीतरी ते चालू करायला हवेत. कार्यालये, रुग्णालये, महाविद्यालये अशा ठिकाणी राउटर बसवून देणारा माणूस अनेकदा प्रत्येकाची शक्ती कमाल ठेवून जातो. त्यामुळे फोन तळमजल्यावरच्या राउटरला तिसऱ्या मजल्यापर्यंत सोडत नाही, आणि लोक म्हणतात वाय-फाय खराब आहे.

दुसरा आधार असतो एका छोट्या तपासणीचा. वाय-फायला जोडले जाताच अँड्रॉइडचा फोन ठरावीक ठिकाणी एक विनंती पाठवतो आणि २०४ या क्रमांकाचे रिकामे उत्तर येते का ते पाहतो. आले तर नेट आहे. दुसरेच पान आले तर लॉग-इन मागणारे जाळे आहे. काहीच आले नाही तर नेट नाही. कल्पना चांगली आहे. पण ही तपासणी सतत होत नाही, आणि राउटरपर्यंतचा संकेत उत्तम असताना त्याच्या मागची केबल मध्येच बंद पडली किंवा इतकी मंदावली की दहा विनंत्यांमधली एखादीच पुढे जाते, तर फोनला ते कळायला वेळ लागतो. पूर्ण मेलेली जोडणी ओळखणे सोपे असते. अर्धमेली जोडणी ओळखणे अवघड, आणि माणसाला खरा त्रास होतो तो या दुसरीमुळे. म्हणूनच फ्लाइट मोड लावून काढण्याचा किंवा वाय-फाय हाताने बंद करण्याचा उपाय सर्वांनी आपापला शोधून काढला आहे. तो चालतो, कारण फोनने घ्यायला हवा होता तो निर्णय आपण त्याच्यावर लादतो.

समजा फोनने वेळेवर निर्णय घेतला. तरीही जोडणी तुटतेच, कारण आता फोनचा आयपी पत्ता बदलला. इंटरनेटवर दीर्घकाळ चालत आलेली टीसीपी पद्धत प्रत्येक जोडणीला चार गोष्टींवरून ओळखते: दोन्ही टोकांचे पत्ते आणि दोन्ही टोकांचे पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या पत्त्यावरच्या कोणत्या कामासाठी ही जोडणी आहे ते सांगणारे आकडे. यातली एक गोष्ट बदलली की पलीकडच्या सर्व्हरच्या लेखी हा फोन अनोळखी. माणसाने घर बदलले म्हणून टपालवाल्याने त्याला ओळखायचेच नाकारावे, तसा हा प्रकार आहे. सर्व्हर जुन्या पत्त्यावर उत्तरे पाठवत राहतो, फोन जुन्या जोडणीवर वाट पाहत राहतो, आणि कोणीतरी एक जण कंटाळेपर्यंत पडद्यावर ते चक्र फिरत राहते.

यावर उपाय नाही असे नाही, आणि मला सर्वाधिक सल याचीच आहे. पत्ता बदलला तरी जोडणी टिकावी म्हणून मोबाईल आयपी नावाची पद्धत १९९६ मध्येच मानदंड म्हणून प्रसिद्ध झाली. सामान्य माणसाच्या फोनपर्यंत ती फारशी आली नाही. एकच जोडणी वाय-फाय आणि मोबाईल जाळे या दोन्ही वाटांवरून एकाच वेळी चालवू देणारी मल्टिपाथ टीसीपी २०१३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने आयओएस ७मध्ये आपल्या सिरी या सेवेसाठी ती वापरायला सुरुवात केली. २०२१ च्या मे महिन्यात क्विक हा नवा मानदंड आला. त्यात जोडणीची ओळख पत्त्यावर नव्हे, तर तिच्या स्वतःच्या ओळखक्रमांकांवर ठरते. फोन नव्या पत्त्यावरून सर्व्हरने त्याच जोडणीसाठी आधीच देऊन ठेवलेला दुसरा क्रमांक दाखवतो, सर्व्हर वाट तपासून घेतो आणि काम जिथे थांबले होते तिथून पुढे चालते. पुढच्या वर्षी मानदंड झालेले एचटीटीपी-३ याच क्विकवर उभे आहे. म्हणजे या क्षमतेचा पाया आपल्या ब्राउझरमध्ये आलेलाच आहे. मात्र मोठ्या सेवांच्या दाराशी येणाऱ्या विनंत्या वाटून देणारी जी यंत्रे असतात, ती अजूनही पत्ता पाहूनच वाटप करत असतील तर हा ओळखक्रमांक वायाच जातो. ते काम फोन बनवणाऱ्याचे नाही आणि जाळे चालवणाऱ्याचेही नाही. ते सेवा चालवणाऱ्याचे आहे.

ही पायरी ओलांडता येते याचा धडधडीत पुरावाही रोजच्या वापरात आहे. वाय-फाय कॉलिंगची सोय नीट बसवलेली असेल तर वाय-फायवर सुरू केलेला साधा फोन कॉल घराबाहेर पडल्यावर व्होल्टीवर जातो आणि बोलणे चालू राहते. कारण फोन त्या कॉलसाठी वाय-फायमधून कंपनीच्या जाळ्याच्या गाभ्यापर्यंत एक सुरक्षित बोगदा काढतो, कॉलचा पत्ता त्या गाभ्यातून मिळतो, आणि वाय-फाय सुटले तरी तो पत्ता तोच राहतो. त्याच क्षणी त्याच फोनवरचा एखाद्या अ‍ॅपमधला व्हिडिओ कॉल मात्र गोठतो. हात तोच, दार तेच, हवा तीच. फरक इतकाच की एका कॉलसाठी कोणीतरी पत्ता टिकवण्याची जबाबदारी घेतली आणि दुसऱ्यासाठी कोणी घेतली नाही.

जाळे बदलण्याच्या या प्रश्नाकडे केवळ गैरसोय म्हणून पाहू नये, हे सांगण्यासाठी एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये उरलेली ३जी जाळी बंद करण्यास सुरुवात झाली. त्याआधीच असे लक्षात आले की, काही फोन रोजचे कॉल ४जीवर व्यवस्थित लावत असले तरी आपत्कालीन क्रमांक लावताना मात्र ३जीच शोधत होते. म्हणजे ज्याचा फोन एरवी उत्तम चालतो, अशा माणसाला नेमक्या संकटाच्या वेळी मदत मिळाली नसती, आणि तोवर त्याला याची कल्पनाही आली नसती. जाळे बंद करण्याची तारीख त्यामुळे पुढे ढकलावी लागली, आणि असे फोन जाळ्यावर चालू न देण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे लागले. जुन्या पिढीची जाळी अनेक देशांत टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. आपला फोन आपत्कालीन कॉल कोणत्या जाळ्यावरून लावतो, हे फोनच्या खोक्यावर छापलेले मी तरी पाहिलेले नाही. ते छापणे सक्तीचे असावे.

फोन बनवणाऱ्यांकडून माझी मुख्य अपेक्षा अशी आहे की, फोनने जाळ्याचा निर्णय संकेताच्या शक्तीवर न सोपवता प्रत्यक्ष मजकूर जातो आहे की नाही यावर घ्यावा, आणि तो का घेतला हे वापरणाऱ्याला दाखवावे. 'वाय-फाय जोडलेले आहे, परंतु गेल्या दहा सेकंदांत उत्तर आलेले नाही, म्हणून मोबाईल डेटा वापरत आहे' असे एक वाक्य पडद्यावर आले तर असंख्य तक्रारी योग्य ठिकाणी जातील. डेटाचा खर्च वापरणाऱ्याच्या खात्यात पडत असल्याने ही सोय चालू-बंद करण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा, हे ओघाने आलेच. आज ही सोय अनेक फोनांत आहे, पण सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या पडद्यामागे, प्रत्येक कंपनीने दिलेल्या वेगळ्या नावाखाली.

अ‍ॅप तयार करणाऱ्यांविषयी अधिक कडक बोलणे भाग आहे. जाळे बदलले हे फोनची प्रणाली अ‍ॅपला तत्काळ कळवते. ते ऐकून जुनी जोडणी सोडून देणे आणि नवी उघडणे हे काही अवघड काम नाही. तरीही असंख्य अ‍ॅप कार्यालयातल्या भक्कम वाय-फायवर बसून तपासली जातात आणि तशीच बाजारात येतात. पैशांच्या व्यवहारात तर प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक हवा आणि तीच विनंती दुसऱ्यांदा आली तरी रक्कम एकदाच वळती व्हायला हवी, म्हणजे जोडणी तुटल्यावर अ‍ॅपला निर्धास्तपणे पुन्हा विचारता येते. ज्या अ‍ॅपला हे जमत नाही, ते 'तुमचे इंटरनेट तपासा' असे सांगून आपली चूक वापरणाऱ्याच्या माथी मारते.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती. नव्या फोनांची परीक्षणे आपण नियमितपणे छापता. त्यांत कॅमेरा, बॅटरी, पडदा यांच्याविषयी बारकाईने लिहिलेले असते. त्यासोबत एक साधी चाचणी करून तिचा निष्कर्ष छापावा: वाय-फायवर व्हिडिओ कॉल सुरू करावा, फोन हातात धरून राउटरची कक्षा संपेपर्यंत सावकाश चालत जावे, आणि कॉल किती सेकंद गोठला, आपोआप सावरला की हाताने लावावा लागला, हे लिहावे. परत आत येतानाही तेच पाहावे, कारण काही फोन दाराबाहेरच एक कमान दिसताच घाईने वाय-फायवर उडी मारतात आणि चांगली चाललेली जोडणी घालवतात. अशी चाचणी दोन-तीन वेगवेगळ्या अ‍ॅपवर केली तर दोष फोनचा की अ‍ॅपचा, हेही वाचकांना तिथल्या तिथे समजेल.

आपला नम्र,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता